शेफील्डमधलं बालपण : ध्वनिफितींच्या कामाची नोंदवही

१५ जानेवारी २०२४

सगळी सामग्री ताब्यात आली. इंग्लंडमधल्या शेफील्ड शहराच्या पूर्वेकडच्या पोलाद कारखान्यांच्या वस्त्यांत (ॲटरक्लिफ, ब्राइटसाइड, टिन्स्ली) आणि स्टेशनामागच्या टेकडीवरच्या पार्क भागात ज्यांचं बालपण गेलं, त्यांच्या या मुलाखती. बोलणारे १९३४ ते १९५२ मध्ये जन्मलेले; मुलाखती १९७० आणि ८० च्या दशकातल्या. काही पाव इंची रिळांवर, काही कॅसेटींवर.

कामाचे तीन टप्पे. आवाज फितीवरून संगणकात आणायचा, शब्द न् शब्द उतरवायचा, आणि प्रत्येक आठवणीला काळ नि ठिकाण जोडायचं. हाताळणारे सगळे मराठी म्हणून वही मराठीत. शब्दांकन मात्र बोलणाऱ्याच्याच इंग्रजीत, त्याच्याच वळणाचं. आजी-आजोबांच्या आवाजाच्या कॅसेटी कपाटात पडून असतील, त्यांनाही पहिल्या टप्प्यातलं बरंचसं लागू पडेल.

पहिला नियम: फितीची जात (ती कुठल्या प्लॅस्टिकची आहे ते) कळल्याशिवाय एकही रीळ यंत्रावर चढवायचं नाही.

१८ जानेवारी

जात ओळखायची ती अशी. रीळ दिव्यासमोर आडवं धरायचं. प्रकाश आरपार येऊन गुंडाळी मधासारखी उजळली तर ॲसिटेट, काळी राहिली तर पॉलिएस्टर किंवा पीव्हीसी. ॲसिटेट तुटतं ते काडकन आणि सरळ, त्यामुळे तुकडे जुळवता येतात. पॉलिएस्टर तुटण्याआधी ताणलं जातं, आणि ताणलेल्या जागेवरचा आवाज कायमचा जातो. म्हणून पॉलिएस्टर मजबूत असलं तरी जोरात पुढे-मागे पळवायचं नाही.

मग वास. डबा उघडल्यावर व्हिनेगरचा वास आला तर ॲसिटेट कुजायला लागलंय. ते रीळ लगेच बाकीच्यांपासून दूर ठेवायचं, कारण त्यातून सुटणारं आम्ल कुजणं आणखी वाढवतं आणि शेजारच्या रिळांनाही त्यात ओढतं. बंद प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडणं सर्वांत वाईट. पुठ्ठ्याचा डबा, थंड आणि कोरडी जागा, आणि कामाच्या यादीत पहिला नंबर.

डब्यावर लिहिलेल्यावर विसंबायचं नाही. त्या काळात रीळ पुसून पुन्हा वापरायची सर्रास पद्धत होती, आणि डब्यांची अदलाबदलही. डब्यावरचा मजकूर जसाच्या तसा टिपून घ्यायचा, खात्री ऐकल्यावर करायची.

२३ जानेवारी

चिकट झालेली रिळं वेगळी काढली. ही तक्रार मुख्यतः सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या, पाठीवर काळा लेप असलेल्या पॉलिएस्टर फितींची. ॲम्पेक्स ४०६ आणि ४५६ त्यासाठी प्रसिद्ध आहेत. लोहकण धरून ठेवणारा बंधक हवेतला ओलावा शोषतो, त्याचं विघटन होतं आणि तो चिकट होतो. वाजवायला घेतली की फीत किंचाळते, गती मंदावते आणि हेडवर, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर, तपकिरी चिखल साठतो. तो चिखल म्हणजे आवाजच खरवडून निघतोय. किंचाळी ऐकू आली त्या क्षणी यंत्र थांबवायचं.

उपाय तापवण्याचा. तापमान ५० ते ५४ अंश सेल्सिअस, पाव इंची फितीला साधारण आठ तास, आणि नंतर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत तेवढाच वेळ. दर दोन तासांनी रीळ उलटायचं. स्वयंपाकघरातला ओव्हन चालत नाही. त्याचा काटा दहा-पंधरा अंश सहज वरखाली जातो आणि आतली तापणारी तार लाल होते तेव्हा जवळची कडा भाजते. फळं वाळवण्याचं पंख्याचं यंत्र आणि आत वेगळा थर्मामीटर ही जोडी ठीक. गुण काही आठवडेच टिकतो, म्हणून तापवायच्या आधी उतरवून घेण्याची सगळी तयारी झालेली हवी.

ॲसिटेट किंवा पीव्हीसी कधीही तापवायचं नाही. दिव्यासमोरची तपासणी आधी ठेवली ती ॲसिटेट गाळण्यासाठी. पीव्हीसी त्या तपासणीत पॉलिएस्टरसारखंच काळं दिसतं, म्हणून फितीवर छापलेलं नाव आणि पाठीचा लेप पटल्याशिवाय रीळ तापवायला घ्यायचं नाही.

३० जानेवारी

यंत्राची सफाई. हेड आणि धातूच्या वाटांना ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाच्या काडीने, काडी पांढरी निघेपर्यंत. फीत दाबून पुढे ओढणाऱ्या रबरी पिंच रोलरला अल्कोहोल नाही, रबर कडक होऊन चिरतं. सौम्य साबणाचं पाणी आणि कोरडं फडकं. हेडची चुंबकीयता घालवताना यंत्र बंद असावं, आणि जवळ एकही रीळ नसावं.

जुने जोड हमखास सुटतात. चिकटपट्टीचा गोंद एक तर वाळतो, नाहीतर पाझरून शेजारच्या वेढ्याला चिकटतो. जोड सुटला तर जुना गोंद काढून, पट्टीच्या साच्यात ४५ अंशांत टोकं जुळवून, खास जोडपट्टीने पाठीकडून नवा जोड. साधा सेलोटेप कधीच नाही.

६ फेब्रुवारी

बहुतेक रिळं घरगुती मोनो यंत्रावरची, अर्ध्या रुंदीच्या पट्ट्याची: वरच्या अर्ध्या भागावर एक बाजू, रीळ उलटवून खालच्या अर्ध्यावर दुसरी. पूर्ण रुंदीच्या हेडवर वाजवलं तर समोरचं बोलणं आणि त्यामागे कुणीतरी उलटं बोलतंय, असं दोन्ही एकदम ऐकू येतं. आवाज बिघडलेला नसतो, हेड चुकीचं असतं.

दोन वाहिन्यांच्या अर्ध्या पट्ट्याच्या यंत्रावर एकाच फेरीत दोन्ही बाजू मिळतात: डावीकडे पहिली बाजू सुलट, उजवीकडे दुसरी उलट. उजवी वाहिनी संगणकात उलटी फिरवली की झालं. नाजूक फितीला एकच फेरी पडते, हा मोठा फायदा. वेळेचा अंदाजही सोपा: सात इंची रिळावरची १८०० फूट फीत सेकंदाला पावणेचार इंच या गतीने एका बाजूला ९६ मिनिटं, पाच इंची रिळावरची ९०० फूट ४८ मिनिटं.

कोन जुळवल्याशिवाय मुद्रण सुरू करायचं नाही. हेड फितीला नेमकं काटकोनात नसेल तर वरचे स्वर मरतात, बोलणं घोंगडीतून आल्यासारखं लागतं. ‘स’ आणि ‘श’ जास्तीत जास्त स्वच्छ ऐकू येईपर्यंत हेडचा स्क्रू अगदी जराजरा फिरवायचा, आणि हे प्रत्येक रिळाला नव्याने. मूळ मुद्रणाच्या यंत्राचा कोन जो होता तोच बरोबर. यंत्र कारखान्याच्या मापाला आणून इथे उपयोग नाही.

१३ फेब्रुवारी

गती. इंग्लंडच्या विजेचा गुणगुणाट ५० हर्ट्झचा, आणि घरात विजेवरच्या यंत्राने केलेल्या मुद्रणात तो थोडा तरी उतरलेला असतो. आलेखात तो ५१ वर दिसला तर फीत दोन टक्के जलद वाजते आहे. एक सावधगिरी हवीच: आपल्या स्वतःच्या तारांचा गुणगुणाटही ५० वरच बसतो. म्हणून आधी फितीविना यंत्र चालवून तेवढं टिपून ठेवायचं, मग फितीवरची दुसरी रेघ शोधायची.

उहेरसारख्या बॅटरीवरच्या यंत्राने घेतलेल्या मुलाखतींत ही खूण मिळत नाही. बॅटरी उतरत गेली की मुद्रणाची गती मंदावते, आणि नेहमीच्या गतीने वाजवताना बोलणारी बाई शेवटाकडे चढ्या आवाजात, घाईत बोलू लागते. ऐकणाऱ्याला वाटतं, ब्लिट्झचं (१९४० च्या जर्मन बॉम्बहल्ल्यांचं) सांगताना आवाज चढला. आधी मुलाखत घेणाऱ्याचाही आवाज चढलाय का ते पाहायचं. दोघांचा चढला असेल तर दोष बॅटरीचा.

दुरुस्ती फक्त ऐकायच्या प्रतीत. जतन करायची प्रत ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह स्वरूपात. खरखर काढणं नाही, आवाज वाढवणं नाही. मोनो असेल तर तासाला सुमारे १.०४ जीबी. बनली की लगेच चेकसम (फाइल बदललेली नाही हे पडताळायचा आकडा) आणि तीन ठिकाणी नक्कल, त्यातली एक दुसऱ्या गावात.

२० फेब्रुवारी

कॅसेटी. सर्वांत जास्त आढळणारा दोष म्हणजे हेडसमोरची छोटी गादी गळून पडणं, आवाज येतो-जातो. फीत काढून पाच स्क्रूच्या नव्या खोक्यात बसवणं हाच खात्रीचा उपाय. डिंकाने चिकटवलेलं खोकं पात्याने उघडताना पातं आत घालायचं नाही, सांधा बाहेरून फोडायचा. सी-१२० ची, म्हणजे १२० मिनिटांच्या कॅसेटीची, फीत इतकी पातळ असते की जुन्या यंत्राच्या चाकाला गुंडाळली जाते. त्या शेवटी घ्यायच्या.

५ मार्च

शब्दांकन सुरू. स्वयंचलित प्रणाली कच्च्या मसुद्यापुरती ठीक, पण शेफील्डची बोली तिला झेपत नाही. आमच्याही कानाला काही गोष्टी पक्क्या ठरवून घ्याव्या लागल्या. ‘डिनर’ म्हणजे दुपारचं जेवण आणि ‘टी’ म्हणजे संध्याकाळचं. ‘नाइन व्हाइल फाइव्ह’ म्हणजे नऊ ते पाच. पोरं ‘स्पाइस’ घ्यायला पैसे घेऊन गेली तर ती गोळ्या-चॉकलेटं घ्यायला गेली, मसाला नव्हे. यातलं काहीही प्रमाण इंग्रजीत बदलायचं नाही. बाजूच्या रकान्यात अर्थ द्यायचा.

पैशांचं तसंच. १२ पेन्सचा शिलिंग, २० शिलिंगांचा पौंड. हाफ-क्राउन म्हणजे २ शिलिंग ६ पेन्स. आपल्याकडे आणे-पै १९५७ ला गेले, तिकडे दशमान नाणी १५ फेब्रुवारी १९७१ ला आली. मुलाखती त्यानंतरच्या, म्हणून बोलणारे मध्येच नव्या पेन्समध्ये उडी मारतात. एक शिलिंग म्हणजे नवे ५ पेन्स, दोन शिलिंग म्हणजे १०. ‘थ्री हेपन्स’ हे दीड पेनी, साडेतीन नव्हे. तिकिटाच्या आणि चिप्सच्या भावात ही गफलत सगळ्यांत जास्त होते.

१९ मार्च

काळ जोडण्याचं काम, आणि या प्रकल्पाचा जीव यातच आहे. लहान मुलाला साल आठवत नाही. ऋतू, वार, कुणाचा हात धरला होता, कुठल्या इयत्तेची बाई होती, हे आठवतं. म्हणून बोलणाऱ्याने सांगितलेलं साल हा दुय्यम पुरावा धरायचा, आणि त्याच्या तोंडून सहज आलेला तपशील मुख्य.

ब्लिट्झचंच घ्या. शेफील्डवर मोठे हल्ले दोन रात्री झाले. गुरुवार १२ डिसेंबर १९४० ला शहराचा मध्य भाजून निघाला. फिट्झॲलन चौकातल्या मार्पल्स हॉटेलात सुमारे सत्तर माणसं दगावली. रविवार १५ डिसेंबरला मारा पूर्वेकडच्या कारखान्यांच्या वस्तीवर होता. बोलणारे बहुतेक ‘ब्लिट्झची रात्र’ असं एकवचनीच म्हणतात. वडील कारखान्यातून परतलेच नाहीत, आई सिनेमाला गेली होती, दुसऱ्या दिवशी शाळा होती की सुट्टी, असल्या वाक्यांवरून वार काढायचा. वार आणि वस्ती जुळली की रात्र ठरते. दोन्ही रात्री एकात मिसळल्या असतील तर तसं लिहायचं. सहा वर्षांच्या मुलाने तळघरात काढलेल्या दोन रात्री आठवणीत एक झाल्या, ही माहितीच आहे.

२२ मार्च

रेशन हे सर्वांत उपयोगी घड्याळ. पुस्तकाचा रंग आठवत असेल तर वय मिळतं: पाच वर्षांखालच्या मुलांचं आणि गरोदर बायकांचं हिरवं, शाळकरी मुलांचं निळं, मोठ्यांचं पिवळट तपकिरी. पाव युद्धात कधी रेशनवर नव्हता. तो होता जुलै १९४६ ते जुलै १९४८. युद्धातल्या पावाच्या कुपनांची आठवण आली तर ती त्या दोन वर्षांत सरकवायची. साखर सप्टेंबर १९५३ ला मोकळी झाली, मांस जुलै १९५४ ला.

गोळ्या-चॉकलेटांचं रेशन दोनदा उठलं, आणि सगळा घोळ तिथे आहे. पहिल्यांदा २४ एप्रिल १९४९ ला. मागणी इतकी उसळली की दुकानं रिकामी झाली आणि ऑगस्टमध्ये रेशन परत आलं. कायमचं उठलं ते ५ फेब्रुवारी १९५३ ला. १९४४ मध्ये जन्मलेल्या माणसाला दोन्ही आठवू शकतात, पण सांगताना तो एकच दिवस सांगतो. विचारायचं ते हे: थंडी होती की नव्हती? पुन्हा बंद झालं का? त्या वर्षी राणीचा राज्याभिषेक होता का? राज्याभिषेक मंगळवारी, २ जून १९५३ ला झाला, आणि त्याच्या रस्त्यावरच्या मेजवान्या जवळजवळ प्रत्येक मुलाखतीत येतात. त्यामुळे ‘त्याच्या थोडं आधी’ हा धागा पक्का धरता येतो.

शाळेतलं दूध अजून एक. तृतीयांश पिंटची बाटली सर्व मुलांना फुकट मिळू लागली ती १९४६ पासून. हिवाळ्यात दूध गोठून झाकण वर उचललं जायचं, मग बाटल्या शेगडीजवळ ठेवायच्या, आणि ते कोमट दूध प्यायचा कंटाळा. हे सगळे सांगतात. काळासाठी बघायचं झाकणाकडे. मध्ये भोक पाडायची खूण असलेलं पुठ्ठ्याचं झाकण असेल तर आठवण आधीची, चकचकीत पातळ पत्र्याचं असेल तर नंतरची. पुठ्ठ्याची दोन झाकणं एकमेकांवर ठेवून भोकातून लोकर गुंडाळत पोरी गोंडे बनवत. एका मुलाखतीत ती कृती सबंध आहे: भोक भरेपर्यंत गुंडाळायचं, कडेने कापायचं, दोन झाकणांच्या फटीत दोरा आवळायचा, मग झाकणं फाडून काढायची. हा तुकडा शब्दशः राखला, ‘असं’, ‘आता बघ’ यासकट, कारण बोलणारी हाताने करून दाखवते आहे.

९ एप्रिल

दोन हिवाळे. १९४७ चा जानेवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत, आणि १९६२-६३ चा नाताळच्या दुसऱ्या दिवसापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत. बर्फ, गोठलेले नळ, अंगणातल्या संडासात लावलेला कंदील या खुणा दोन्हींत सारख्या, त्यामुळे त्यांचा उपयोग नाही. फरक कोळशाचा. १९४७ मध्ये इंधनच नव्हतं. वीज तोडली जात होती आणि मुलं जुन्या बाबागाडीतून गॅसच्या कारखान्यावरून कोक (गॅस काढून उरलेला कोळसा) आणत. १९६३ मध्ये घरात टीव्ही असतो, आणि फुटबॉलचे सामने इतके रद्द झाले की पूल्सचे (सामन्यांवर लावायच्या पैजांचे) निकाल मंडळ बसवून ठरवावे लागले.

टीव्हीचंही घड्याळ आहेच. होम मॉसचा टीव्ही प्रक्षेपणाचा मनोरा १२ ऑक्टोबर १९५१ ला सुरू झाला. त्याआधी घरी टीव्ही पाहिल्याचं सांगितलं असेल तर समासात प्रश्नचिन्ह, खोडाखोड नाही. रेडिओवर लहान मुलांचा ‘लिसन विथ मदर’ हा कार्यक्रम जानेवारी १९५० पासून. जुनी ट्राम शेवटची धावली शनिवारी, ८ ऑक्टोबर १९६० ला. कोल ब्रदर्सचं दुकान फारगेटच्या कोपऱ्यावरून बार्कर्स पूलला गेलं ते १९६३ ला, त्यामुळे ‘कोल्स कॉर्नरला भेटलो’ याने एकट्याने साल ठरत नाही. लोक नंतरही त्या कोपऱ्याला तेच म्हणत राहिले. १६ फेब्रुवारी १९६२ च्या पहाटेचं वादळ मात्र घट्ट खूण: शहरातली बहुसंख्य घरं कमी-अधिक मोडली, आणि छपराची कौलं उडताना ऐकलेला माणूस ती रात्र दुसऱ्या कुठल्या रात्रीत मिसळत नाही.

२३ एप्रिल

ठिकाणं. पाठीला पाठ लावलेल्या घरांचे पत्ते ‘४ कोर्ट, २ हाऊस’ अशा धर्तीचे. रस्त्याचं नाव सांगितलं तरी घर रस्त्यावर नसतं, बोळातून आतल्या चौकात असतं. केलीची त्या वर्षाची नावा-पत्त्यांची डिरेक्टरी आणि ऑर्डनन्स सर्व्हेचा (ब्रिटनच्या सरकारी नकाशा खात्याचा) १९५० च्या दशकातला मोठ्या प्रमाणाचा नकाशा शेजारी ठेवल्याशिवाय खूण टाकायची नाही.

पार्क भागात आणखी एक अडचण. वस्ती पाडून पार्क हिलच्या इमारती १९५७ ते १९६१ मध्ये उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या रुंद सज्ज्यांना पाडलेल्या रस्त्यांचीच नावं दिली. लाँग हेन्री स्ट्रीट गेला, लाँग हेन्री रो आला. बोलणारे नुसतं ‘लाँग हेन्री’ म्हणतात. न्हाणीघर, गरम पाण्याचा नळ, सज्जावरून येणारी दूधगाडी आली तर नवं. चौकातला सामाईक नळ, सोमवारी कपडे उकळायचं तांब्याचं भांडं, कपडे पिळायचं मँगल आलं तर जुनं.

१४ मे

हयात असलेल्यांच्या नव्या मुलाखतींसाठी पद्धत ठरवली. ‘तुमच्या बालपणाबद्दल सांगा’ असं विचारायचं नाही. त्यावर वर्षानुवर्षं घोटलेली गोष्ट येते. घराच्या दारातून आत चालायला लावायचं. दार उघडल्यावर डाव्या हाताला काय? कोळसा कुठून आत पडायचा? जिन्याखाली काय ठेवलं होतं? तिसऱ्या-चौथ्या खोलीपर्यंत माणूस स्वतःहून अशा गोष्टी सांगू लागतो ज्या त्याने आधी कुणाला सांगितलेल्या नसतात.

वस्तू हातात द्यायच्या, फोटो नव्हे. कपडे धुवायचा पॉसर, निळीची पुडी, हाफ-क्राउनचं नाणं. एका वेळी एकच, आणि ती मायक्रोफोनपासून दूर, कारण टेबलावरचा टक्क आवाज शब्द खातो. मायक्रोफोन तोंडापासून वीतभर, पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास, फ्रीज आणि भिंतीवरचं घड्याळ बंद. फ्रीज परत सुरू करायची आठवण राहावी म्हणून गाडीची किल्ली त्याच्यावर ठेवायची.

विटसनच्या (ईस्टरनंतरच्या सातव्या रविवारच्या सणाच्या) नव्या कपड्यांबद्दल जरूर विचारायचं. मुलं नवे कपडे शेजारी दाखवायला जात, खिशात नाणं पडे, आणि सोमवारी बागेत सामुदायिक गायन. कुणी किती दिलं हे सगळ्यांना आठवतं, आणि त्यातून गल्लीतली नाती उलगडतात. पुढे ही सुट्टी मे अखेरीच्या सोमवारकडे सरकली, १९७१ पासून कायमची, त्यामुळे काळही हाती लागतो.

४ जून

परवानग्या. ब्रिटनमध्ये बोललेल्या शब्दांवर बोलणाऱ्याचा हक्क आणि ध्वनिमुद्रणावर मुद्रण घडवून आणणाऱ्याचा. दोन्हींची लेखी परवानगी वेगवेगळी हवी. माहिती-संरक्षणाचा कायदा हयात व्यक्तींपुरता, पण बालपणीच्या आठवणींत वर्गमित्र हमखास येतात आणि ते हयात असू शकतात. कुणाचा आजार, कुणाचे वडील तुरुंगात, कुणाला छडीने किती मारलं, अशा जागा मिनिट-सेकंदासह यादीत घ्यायच्या. ऐकायच्या प्रतीत तेवढं नाव शांत करायचं, जतनाच्या प्रतीला हात लावायचा नाही.

पहिला गठ्ठा यासह बंद. उरलंय: व्हिनेगरच्या वासाचं एक रीळ, ज्याची कडा लहरली आहे आणि हेडला नीट टेकत नाही; सगळ्या सी-१२०; आणि ब्राइटसाइडच्या मुलाखतींचे नकाशे. ते रीळ आधी.